डबे परत करायला

कराडच्या स्टँडवर चिपळूण गाडी लागली, तेव्हा कंडक्टरने आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "मावशी, भांड्यांचं दुकान काढताय का काय कोकणात?" मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त. त्या सगळ्या हसल्या. पिशवी खरंच वाजत होती. आत एक कडीचा मोठा डबा, एक फिरकीच्या झाकणाचा आणि एक ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा, कडेला चेपलेला.

आषाढात आमचे हे गेले, कार्तिकात सासूबाई. सुतकात घरची चूल बंद. पहिल्या रात्रीची पिठलं-भाकरी शेजारच्या घरातून आली, पुढे कोण काय आणत होतं ते मला धड आठवतही नाही. दिवस झाले, पाहुणे पांगले आणि ओट्यावर परक्या डब्यांची रांग उरली. गल्लीतले डबे हळूहळू ज्याच्या त्याच्या घरी गेले. घाटाखालचे तेवढे राहिले होते.

भाचीने मधल्या काळात मला एक सुंदर वही आणून दिली होती. "आत्या, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. कृतज्ञ राहिलं की मन सावरतं." लिहिल्या मी. दूध नासलं नाही. सिलिंडर वेळेवर आला. नळाला पाणी होतं. थोड्याच दिवसांत त्या वहीत वाणसामानाच्या याद्या सुरू झाल्या. भाचीचं चुकलं असं नाही. पण दूध न नासल्याबद्दल हात जोडायचे कोणापुढे? सिलिंडर आणणाऱ्या मुलाचं नावही मी कधी विचारलं नव्हतं. डब्यांचं तसं नव्हतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत आहे, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. कोणाचं काय आपल्याकडे आहे, ते भांडं उलटं केलं की कळतं.

डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. संक्रांत नुकतीच झाली होती, पण घरात वर्षभर सण नाही, म्हणून तिळगुळाचा प्रश्नच नव्हता. मग कडीच्या डब्यात बेदाणे भरले, फिरकीच्या डब्यात सांगलीची हळद आणि चेपलेल्या डब्यात गूळ.

कराड सोडलं की रस्ता कोयनेच्या खोऱ्यात शिरतो. पाटणपर्यंत ऊस, पुढे डोंगर जवळ येत जातात. माझ्या शेजारी कोयनानगरला उतरणारे एक आजोबा होते. त्यांच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग होते, भूकंपाआधी आणि भूकंपानंतर. 11 डिसेंबर 1967 ची पहाट. घरातली म्हैस रात्रभर दावं ओढत होती म्हणे, आणि वडील तिला शिव्या घालत होते. "म्हैस वाचली," एवढंच म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. पुढचं मी विचारलं नाही.

कोयनेच्या धरणाची एक गंमत आहे. कोयना मुळात पूर्वेकडे वाहणारी नदी. कराडला येऊन कृष्णेला मिळते. पण धरणात अडवलेलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात. ते सह्याद्रीच्या पोटातल्या वीजघरांतून खाली उतरतं, वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. म्हणजे एकाच नदीचं पाणी दोन समुद्रांना. ह्यांची रक्षा आम्ही प्रीतिसंगमावर सोडली, ती कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागली. माणूस गुहागरचा आणि गेला भलत्याच समुद्राला. त्या दिवशी घाटाच्या पायरीवर बसून मी हे बोलून गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "त्याला पोहता येतं. येईल वळसा घालून." पोटचा मुलगा गेलेली बाई ती. आम्ही दोघी हसलो आणि घाटावरच्या लोकांनी आमच्याकडे वळून पाहिलं.

कुंभार्ली घाटात दरवेळेसारखं पोट ढवळलं. घाट उतरला की हवा बदलते, अंगाला चिकटते. पोफळी, अलोरे, शिरगाव. घरांवर कौलं दिसायला लागली, आंबे मोहरलेले.

चिपळूणला वन्सं स्टँडवर आल्या होत्या. माझ्यापेक्षा धाकट्या, पण एका वर्षात भाऊ आणि आई दोन्ही गेल्यावर बाई पार वाळून गेली होती. घर बाजारपेठेच्या बाजूला. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर हातभर, एक मातकट रेघ आहे. 22 जुलै 2021 चा पूर. सगळं घर नव्याने रंगवलं, तेवढा पट्टा त्यांनी ठेवून दिला. "रंगारी म्हणाला, काकू, हे राहिलंय. म्हटलं, राहू दे."

त्या दिवशी वाशिष्ठी शहरात शिरली ती पहिल्या मजल्यापर्यंत. एस.टी.चं आगार बुडालं, आगारप्रमुख जमा झालेली रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन् तास बसून होते. 1864 सालापासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, तिथली पुस्तकं भिजली. 2005 च्या पुरातही त्या वाचनालयाने हेच सोसलं होतं. वन्संच्या घरातलं काय काय गेलं याची यादी त्या आता करत नाहीत. पाणी ओसरल्यावर आमचे हे कराडहून टेम्पो भरून गेले होते. बादल्या, खराटे, फावडी, चादरी, बिस्किटांचे खोके. घाटावरून तेव्हा रोज गाड्या उतरत होत्या. त्याच्या दोन वर्षं आधी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, तेव्हा याच घाटाने गाड्या वर आल्या होत्या. कोणी हिशेब ठेवला नसेल. ठेवायचा म्हटला तरी ठेवणार कुठे?

जेवणं झाल्यावर मी कडीचा डबा पुढे केला. वन्संनी झाकण उघडलं, बेदाणे पाहिले, एक तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "वहिनी, पण हा डबा माझा नाही."

"तुम्हीच तर आणला होता. वालाची उसळ होती यात, दहाव्याच्या आदल्या दिवशी."

"आणला मीच."

त्यांनी डबा उलटा करून मला दाखवला. मी आधी कितीदा वाचायचा प्रयत्न केला होता, पण त्यांनी तो खिडकीशी तिरका धरला तेव्हा ठिपके नीट उजळले. नाव होतं त्या जागी नुसता ओरखडा. त्याच्यापुढे 'कडून सप्रेम भेट' आणि खाली 9-5-76. बुडाच्या कडेला, जिथे पत्रा दुमडतो, तिथे मातीची बारीक तपकिरी रेघ अजून बसलेली. मी तो डबा किती वेळा चिंचेने घासला होता.

पुरानंतर गल्लीतली भांडी चिखलात सरमिसळ झाली होती. चिखल उपसता उपसता जे हाती लागेल ते बायकांनी मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर आणून मांडलं. ज्याचं त्याने ओळखून न्यावं. बरीच गेली. हा डबा कोणी नेला नाही. "शेवटी मी आणला. कोणीतरी विचारत येईल म्हणून वर्षभर नुसता ठेवला होता. मग वापरायला काढला." म्हणजे कोणाच्या तरी लग्नातला आहेर, कोणाच्या तरी घरातून वाहत आलेला, आमच्या घरी वालाची उसळ घेऊन आला होता. देणाऱ्याचंही नाव नाही, घेणाऱ्याचंही. आमच्या लग्नातली आहेराची वही अजून ट्रंकेत आहे. कोणी स्टीलचा तांब्या दिला, कोणी अकरा रुपये, सगळं सासऱ्यांच्या अक्षरात. दुःखाच्या घरात अशी वही कोणी घालत नाही. मला वाटतं, घालायला हवी.

वन्संनी बेदाणे बरणीत ओतून घेतले आणि डबा फडताळात ठेवून दिला.

गुहागरची गाडी शृंगारतळीला नेहमीप्रमाणे रेंगाळली आणि मोडकाआगरवरून खाली उतरली. गुहागर म्हणजे एक लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना आगरं, नारळ-पोफळींच्या मागे समुद्राचा आवाज. जाऊबाईंच्या खळ्यात सुपारी वाळत पडली होती. ह्यांच्या चुलतभावाची बायको. वयाने, मानाने थोरली. फिरकीचा डबा तिचा. तेराव्यानंतर ती एकटी एस.टी.ने कराडला आली होती, मेतकूट घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी परतली होती. गुडघे गेलेले असताना.

"अगं, डबा द्यायला एवढी आलीस? कुरिअरने पाठवायचास," म्हणाली आणि हसली, कारण ते होणारं नव्हतं हे तिलाही कळत होतं.

त्याच संध्याकाळी तिच्याकडे हळदीकुंकू होतं. संक्रांत ते रथसप्तमी, दिवसच ते. मला हे ठाऊक नव्हतं; असतं तर मी एक दिवस पुढे-मागे केला असता. हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा पेपरात वाचून मी ह्यांना म्हटलं होतं, बरं झालं. तेव्हा तो ठराव दुसऱ्या कोणासाठी तरी होता.

मी आतल्या खोलीत बसायला निघाले, तर जाऊबाईने हातात गुलाबदाणी दिली. "मला उठबस जमत नाही, तू शिंपड." मग मी दारात उभी राहिले. बायका आल्या, काहींनी माझी विचारपूस केली, काहींनी गुलाबपाणी घेताना नजर चुकवली. वाण म्हणून चहाची गाळणी होती. तिने मलाही दिली. कुंकवाचं बोट मात्र माझ्याकडे वळलं नाही, मीही कपाळ पुढे केलं नाही. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. गाळणी हातात धरून मी बराच वेळ सुपारीकडे बघत होते.

पण एक गोष्ट मी पाहिली होती. दुपारी करंडा भरताना तिने माझ्या डब्यातली हळद घेतली. "घरातली संपलीय गं," म्हणाली. मांडणीत हळदीची बरणी काठोकाठ भरलेली होती, मी स्वतः तिच्या शेजारची साखर काढली होती. त्या संध्याकाळी आळीतल्या झाडून सगळ्या सवाष्णींच्या कपाळाला जी हळद लागली, ती माझी होती. यावर आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही. तिला शब्दात पकडलं असतं तर तिने सरळ नाही म्हटलं असतं.

तिसरा डबा नात्यातला नव्हता. त्याच्यावर नावही नव्हतं, पण बाई मला माहीत होती. घाटाखालून बरेच रुग्ण कराडला येतात. ह्यांच्या शेजारच्या खाटेवर दाभोळचा एक मच्छीमार होता आणि त्याची बायको खाली सतरंजीवर झोपायची. ह्यांना वरच्या मजल्यावर हलवलं त्या गडबडीत तिचा डबा आमच्या सामानात आला. तिचा माणूस जगला की नाही, हे मला कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर कळून घ्यायची भीतीच वाटत होती.

धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट जाते. मोटारी, रिक्षा, दुचाक्या, माणसं, सगळं एका सपाट लोखंडी तळावर. मागे राहिली त्या वीजप्रकल्पाची धुराडी, ज्याने नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या नावाने सगळा महाराष्ट्र ढवळून काढला होता. समोर आदिलशाहीतल्या मशिदीचा घुमट. एके काळी याच खाडीत अरबस्तानाची जहाजं लागत. आता पलीकडे जायला काही मिनिटं लागतात, चहा संपायच्या आत.

धक्क्यावर डबा दाखवून विचारत गेले. "कराडला दवाखान्यात होता तो? तो काय, जाळं विणतोय." मी थांबलेच. होडीच्या सावलीला बसलेला, बारीक झालेला, पण हात भराभरा चालत होते. मला आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी लगेच, पोटात काहीतरी जळलं. एकाच भिंतीला लागून दोन खाटा होत्या.

बाईने मला ओळखलं नाही. डबा पाहून म्हणाली, "हा होय? मी म्हटलं, वॉर्डातच गेला." गूळ काढून घेतला, डबा विसळला, उपडा घातला. झालं. मग एकदम हात कपाळाला लावला. "खिडकीजवळच्या मालकांच्या तुम्ही!"

"हो."

"गेले?"

"गेले."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "सांगू का आता?" त्याने मान हलवली.

"तुम्ही अंघोळीला घरी जायचात ना सकाळच्या, तेव्हा आमच्यातली सुकटीची चटणी मागून खायचे. तांदळाच्या भाकरीबरोबर. शेवटी शेवटी तर डब्यातली निम्मी. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. मी त्या माणसाला कित्येक महिने अळणी भाजी भरवत होते आणि तो तक्रार न करता खातो म्हणून मनातल्या मनात त्याचं कौतुक करत होते. मला इतकं हसू आलं की मला खालीच बसावं लागलं. तीही हसायला लागली. तिचा नवरा जाळं बाजूला टाकून म्हणाला, "ताई, त्यांना गावची आठवण यायची."

"आणि तिखट?" मी विचारलं. "तिखट चालायचं त्यांना?"

"अजून घाल म्हणायचे."

"त्यात कोकम घालता की चिंच?"

"कोकम," ती म्हणाली, "पण चार दिवस ठेवायची असली तर घालायचं नाही. थांबा, दाखवते." आणि ती पाटा धुवायला उठली.