आर्चीला जित्ती ठेवली

२०१६ साली लातुरात आम्ही दोघांनी 'सैराट' बघितला. ट्रॅक्टर चालवत परश्याच्या दारात जाणारी पाटलाची आर्ची. बायको टाळ्या पिटत होती. तीबी पाटलाचीच. शेवटी माहेरचा आहेर घेऊन आलेले भाऊबंद दोघांनाबी मारतात. ती घरी येईस्तोवर बोलली नाही.

२०१८ला नांदेडात 'धडक'. तीच गोष्ट, उदयपूरची. पण इथं नवरा अन् लेकरू मरतं, पोरगी जित्ती राहते. मी म्हणालो, बरं झालं, वाचली.

"कशाचं बरं? आमच्यात अगोदर लेकीलाच मारतेत. तेच लपवलं यांनी."

दोस्तहो, सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांच्यावर जात टिकते, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडलं. मी ते सभेत बोललेला माणूस. अन् पडद्यावर मला दिसलं नाही.

दार वाजलं की अजून तीच उठते. मला म्हणते, तुम्ही बसा.