न मागितलेली खात्री

एखादी मोठी संख्या मूळ आहे की नाही, हे व्यवहारापुरतं संगणक केव्हाच सांगू लागले होते. मिलर-रॅबिन चाचणी १९८० पासून हाताशी होती. तिच्या एका फेरीत विभाज्य संख्या निसटण्याची शक्यता फार तर चारात एक. चाळीस फेऱ्यांनंतर ती नसल्यातच जमा. धंद्याला याहून जास्त काही नको होतं. तरीही आयआयटी कानपूरमध्ये मणींद्र अग्रवाल एकाच प्रश्नाला धरून बसले होते: शक्यतेवर न विसंबता, ठाम उत्तर वाजवी वेळात मिळेल का? वाजवी म्हणजे, संख्येतले अंक दुप्पट झाले तर काम ठरावीक पटीनेच वाढावं.

अल्गोरिदमच्या संशोधनात नोकरी कसली असते, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी हेच उदाहरण देतो.

मूळ संख्या ओळखण्याची फर्माची जुनी कसोटी ५६१ सारख्या संख्येपुढे फसते. ३, ११ आणि १७ यांचा हा गुणाकार मूळ संख्येचं सोंग हुबेहूब वठवतो. पण (क्ष + १) चा तपासायच्या संख्येइतका घात उलगडून, सहगुणकांना त्याच संख्येने भागून बाक्या घेतल्या, तर मधली सगळी पदं फक्त मूळ संख्येलाच गळतात. इथे सोंग चालत नाही. पण शंभर अंकी संख्येला एवढी पदं मांडायची कुठे? म्हणून त्या बहुपदीला एका लहान बहुपदीने भागायचं आणि उरलेली बाकीच तपासायची. मग पुन्हा शंका, की एवढ्याशा बाकीत फसवणूक लपली तर?

२००१ मध्ये बी.टेक.च्या दोन विद्यार्थ्यांनी प्रकल्पात याबद्दल एक अटकळ बांधली. पुढच्या वर्षी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या अग्रवालांच्या विद्यार्थ्यांनी तो धागा उचलला आणि ऑगस्ट २००२ मध्ये अग्रवालांसह तिघांचा नऊ पानी पेपर जगापुढे आला. ठाम उत्तर वाजवी वेळात मिळतं, हे सिद्ध झालं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती मात्र ती अटकळ. ती आजही सिद्ध झालेली नाही, उलट खोटी असावी असं मानायला चांगली कारणं आहेत. वर्षाअखेरीच्या कोणत्या अहवालात तिची नोंद झाली असती?

या शोधाला २००६ मध्ये गोडेल पुरस्कार मिळाला. व्यवहारात आजही मिलर-रॅबिनच चालते, कारण ती कितीतरी वेगवान आहे. म्हणजे ही खात्री विकत घ्यायला कुणीच आलं नसतं. ती विद्यापीठातच जन्मू शकत होती, जिथे शिक्षकाची नेमणूक कायम असते आणि दरवर्षी नवी मुलं येऊन अर्धवट राहिलेलं काम हातात घेतात. आता पीएच.डी.नंतरच्या, पोस्टडॉकच्या एक-दोन वर्षांच्या नेमणुका वाढताहेत. तिथे माणूस रुजू होतो तोच पुढचे अर्ज भरायला लागतो. असा माणूस चार महिन्यांत पेपर होईल असाच प्रश्न निवडणार. त्याला दोष कसा द्यायचा? दोष त्या नेमणुकीचा आहे, आणि तो मला मनापासून डाचतो.

यंदा एका विद्यार्थिनीने विचारलं, पीएच.डी.साठी कुठे जाऊ? मी म्हटलं, क्रमवारी नंतर बघ. आधी चौकशी कर, की गाइड एकाच प्रश्नावर किती वर्षं टिकून आहेत आणि त्यांच्या फळ्यापाशी बी.टेक.ची मुलं उभी असतात का.