मेमरी कमी पडते

“बाबा, मेमरी कमी पडतेय,” आमचे चिरंजीव एका संध्याकाळी म्हणाले, आणि माझ्या हातातला कप जरा आवाज करूनच बशीत टेकला.

वाचकांना वाटेल, यात दचकण्यासारखं काय आहे? घरोघरी मुलं आहेत, मुलांपुढे कॉम्प्युटर आहेत, आणि कॉम्प्युटरांना सदैव काही ना काही कमी पडतच असतं. पण हे वाक्य कॉम्प्युटरबद्दल आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मला वाटलं, कॉलेजातली बातमी घरी पोचली!

बातमी अशी. त्याच दिवशी सकाळी प्रथम वर्षाच्या वर्गावर ज्ञानेश्वरी शिकवत होतो. बाराव्या अध्यायातली एक ओवी गेली बावीस वर्षं मी पुस्तक न उघडता म्हणत आलो आहे. पहिला चरण म्हटला आणि पुढे काही येईचना. मी खडू शोधल्याचं नाटक केलं, पंख्याकडे पाहिलं, घसा खाकरला. अखेर तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं मोबाइलवर ती ओवी काढली आणि अदबीनं वाचून दाखवली. वर्ग हसला असता तर मला बरं वाटलं असतं. वर्ग हसला नाही. आजारी माणसाकडे पाहावं तसा माझ्याकडे पाहत राहिला.

माझे वडील शाळामास्तर होते. शेवटच्या तीन वर्षांत त्यांच्या आठवणी एकामागून एक गेल्या. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नातवाचं, मग माझं. एकदा मी औषध घेऊन समोर उभा राहिलो तर मोठ्या सौजन्यानं त्यांनी विचारलं, “आपण कोणत्या गावचे?” मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. त्या सकाळपासून तो प्रश्न माझ्या कानांत घुमत होता, आणि हे मी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं.

असो. चिरंजीवांची तक्रार घोड्याबद्दल होती. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ नावाचा एक खेळ तो खेळतो. १८९९ सालची अमेरिका, डोंगर, बर्फ, आणि घोड्यावर बसलेला एक दरोडेखोर. हा घोडा ऐन दौडीत थबके. पुढचे दोन पाय हवेत, शेपटी आडवी, आणि स्वार चौकातल्या पुतळ्यासारखा निश्चल! दोन-तीन सेकंदांनी स्वारी पुन्हा चालू. त्या खेळाला निदान ८ जीबी मेमरी लागते आणि १२ असावी अशी शिफारस आहे. आमच्या २०२० साली घेतलेल्या कॉम्प्युटरात नेमकी ८ होती, आणि तीतही चिरंजीवांचं गाणं, मित्रांशी गप्पा आणि अर्धवट उघडलेला अभ्यास, असे भाडेकरू.

आम्ही शनिवारी ठाण्याहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. त्या बाजूला माझं जाणं-येणं आहे, पण ते गिरगावात साहित्य संघात व्याख्यान ऐकायला. लॅमिंग्टन रोडवर खरेदीला मी प्रथमच गेलो. दुकानदारानं विचारलं, “डीडीआर कोणता? तीन, चार की पाच?” मी गप्प. चिरंजीवांनी ‘चार’ म्हटलं. प्रत्येक पिढीच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसतच नाही, हे ज्ञान मला तिथं झालं. भाव ऐकून मात्र मीच घोड्यासारखा थबकलो. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रागारांना इतकी मेमरी लागू लागली की किरकोळ बाजारात तिचे भाव भराभर चढले होते. बोटभर रुंदीच्या त्या हिरव्या पट्टीसाठी मी एवढे पैसे मोजले की ही बातमी घरी सौभाग्यवतींना टप्प्याटप्प्यानं सांगावी लागली.

रात्री शस्त्रक्रिया सुरू झाली. वायर काढली. मग चालू करण्याचं बटण उगीचच दाबून धरलं. त्यानं आत उरलीसुरली वीज निघून जाते म्हणे. मग पेटीच्या लोखंडाला हात लावला, कारण अंगावरच्या स्थिर विजेची एखादी ठिणगीही पट्टी निकामी करू शकते. आत चार खोबणी होत्या. जुनी पट्टी दुसरीत होती, नवी चौथीत घालायची. अशा जोडीनं बसवल्या की दोन्हींचं काम एकाच वेळी चालतं.

“तू बसव, बाबा,” तो म्हणाला. (आम्ही वडिलांना ‘अहो’ म्हणत असू. आता ‘तू’ म्हणवून घेण्यात मला सुख वाटतं, हे कबूल करतो.)

मी वाङ्मयाचा माणूस. जुन्या पोथीचं पान उलटावं इतक्या हळुवारपणे मी ती पट्टी टेकवली. बटण दाबलं. पंखे घरघरले, दिवे लागले, पण पडदा काळाच. एक मिनिट. दोन मिनिटं. माझ्या पोटात गोळा आला. इथंही यंत्राला सगळं येत होतं, फक्त आठवत काही नव्हतं!

चिरंजीवांनी शांतपणे पुन्हा वायर काढली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “एक टोक वर राहिलंय. जोर लाव.” मी जोर लावला. ‘कट्’ असा आवाज झाला. या वेळी पडद्यावर १६ जीबी उमटले आणि घोडा विनातक्रार डोंगर चढून गेला.

त्या आनंदाच्या भरात मी सकाळची नव्हे, त्या आठवड्याची गोष्ट बोलून गेलो. ओवीची. आजोबांचीही. तो मान खाली घालून स्क्रू पिळत होता. म्हणाला, “बाबा, ही मेमरी म्हणजे आठवण नव्हे. आठवणी डिस्कवर असतात. हे नुसतं टेबल. काम करताना लागतं ते यावर मांडायचं. वीज गेली की टेबल साफ. टेबल लहान असलं की यंत्र एक वस्तू आत ठेवतं, दुसरी बाहेर काढतं, आणि तेवढ्यात घोडा थांबतो. त्या दिवशी तुझ्या टेबलावर काय काय होतं?”

मी आठवून पाहिलं. परीक्षेचे पेपर, घराचा हप्ता, विभागाचा अहवाल, आईचं गुडघ्याचं दुखणं. ओवीला जागा कुठं होती?

मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली आणि मी चाटच पडलो. ही जात १९६६ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचली. एकेका पट्टीत सहा हजार आठशे कोटींवर चिमुकले साठे असतात. विजेनं भरलेला म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. पण प्रत्येक साठा गळका! म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळे साठे वाचून पुन्हा भरावे लागतात. ही मेमरी विसरतच असते, पण विसरण्याआधी स्वतःला पुन्हा सांगत असते.

याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. वडील माझं नाव विसरले, पण दिवेलागणीला कुणी पहिला शब्द उच्चारला की रामरक्षा अखेरपर्यंत म्हणत. सत्तर वर्षं रोज भरलेला साठा होता तो. आणि मी? ती ओवी मी बावीस वर्षं वर्षातून एकदाच म्हणत होतो.

उपमा एकदेशी असते, हे मी वर्गात शिकवतो. वडिलांचं टेबल लहान झालं नव्हतं, त्यांची डिस्कच पुसली जात होती, आणि त्यावर लॅमिंग्टन रोडला पट्टी मिळत नाही. म्हणून मी डॉक्टरांनाही भेटणार आहे. चिरंजीव बरोबर येतो म्हणाला आहे. पण आता सकाळच्या गाडीत, खिडकीपाशी जागा मिळो न मिळो, मी एक ओवी मनाशी म्हणतो.

एक सांगायचं राहिलं. जुनी पट्टी २६६६ वेगाची, नवी ३२०० ची. दोन्ही एकत्र लावल्या की नवी आपला वेग आवरते आणि जुनीच्या चालीनं चालते. परवा स्टेशनवर जाताना पाहिलं, चिरंजीवांची ढांग माझ्यापेक्षा वीतभर लांब झाली आहे. पण आम्ही दोघं बरोबरच पोचलो.