भोक नसलेली भाकरी

परदेशी राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला पगाराचा, तो लोक जरा आडवळणाने विचारतात. दुसरा मात्र सरळ असतो : "तिकडं खात काय होतास रे?" पगाराचा प्रश्न मी आजवर टाळत आलो आहे. दुसऱ्याचे उत्तर येथे द्यावे म्हणतो. कारण स्वीडन देशाविषयी मला जे थोडेफार उमगले, ते कारखान्यापेक्षा जेवणाच्या टेबलाशीच अधिक उमगले.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मी नोकरीनिमित्त व्हेस्तेरोस या गावी गेलो आणि दोन वर्षे राहिलो. स्टॉकहोमच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, मेलारेन नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी हे शहर वसले आहे. विजेच्या यंत्रसामग्रीसाठी त्याची ख्याती आहे. एका वृद्ध बाईंच्या घरात माडीवरची खोली मला भाड्याने मिळाली. त्या देशात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून लहानथोर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात व नावानेच हाक मारतात. बेळगावच्या माणसाला हे कसे जमावे? मी त्यांना 'आजी' म्हणू लागलो. अर्थ कळल्यावर त्यांनीही ते आनंदाने मान्य केले.

तिथे दुपारचे जेवण साडेअकराला! खाणावळीत ठरावीक दरात 'आजचे जेवण' मिळते : एक मुख्य पदार्थ, उकडलेले बटाटे, कच्च्या भाज्या, पाव, लोणी आणि शेवटी कॉफी. घरच्या रीतीमुळे मी गोमांस व डुकराचे मांस खात नाही. तेव्हा मासळीवर माझी भिस्त असे. तिखटाचे नाव नाही. पण ज्या शेपूला आपण नाक मुरडतो, तोच शेपू तिथे मासळीवर, बटाट्यांवर मोठ्या मानाने विराजमान झालेला असतो. पहिल्या आठवड्यात मी आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी खिशातून नेली, हे आता सांगायला हरकत नाही.

दर गुरुवारी मात्र पिवळ्या वाटाण्यांचे दाट सूप. त्यात डुकराचे मांस असते, परंतु आमच्या खाणावळीत बिनमांसाचेही एक पातेले असे. त्यावर मोहरीचा चमचा आणि मागाहून जाम लावलेली गोड धिरडी. हाच वार का, असे विचारले तेव्हा कळले की पूर्वी तो देश कॅथलिक असताना शुक्रवारी उपास असे, म्हणून आदल्या दिवशी पोटभर जेवून घेत. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, उपास गेला. गुरुवारचे सूप मात्र राहिले. आमच्या घरी गुरुवार दत्ताच्या उपासाचा! आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरं आहे, वार तरी चुकत नाही."

दुसरी गोष्ट कॉफीची. कामाच्या मध्ये सर्वांनी मिळून कॉफी पिण्याला ते 'फीका' म्हणतात. साहेब आणि शिकाऊ उमेदवार एकाच टेबलाशी बसतात. याच देशात १७५६ साली कॉफीवर बंदी आली होती आणि पुढेही ती अनेकदा आली, हे आज खरे वाटत नाही. कॉफीबरोबर जो गोड पाव येतो, त्याचा पहिला घास घेतला आणि मी थबकलोच. वेलदोडा! आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागातील जंगलांतला, शिरसीच्या बाजारात घमघमणारा वेलदोडा, बर्फाच्या देशात रोजच्या पावात सढळ हाताने घातलेला. आपण तो श्रीखंडासाठी जपून ठेवतो.

एवढे सगळे असूनही पहिला हिवाळा फार कठीण गेला. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेनऊनंतर उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. संध्याकाळी खालच्या स्वयंपाकघरातून तळलेल्या मासळीचा वास जिन्यावरून वर येई. आजींच्या ताटल्यांचा आवाज येई. पण "ये रे, चार घास खाऊन जा" असे शब्द काही येत नसत. आपल्याकडे पोस्टमनलासुद्धा चहाचा आग्रह होतो. मी माडीवर भात-आमटी करून एकटाच जेवत असे आणि मनात म्हणे, माणसे चांगली आहेत, पण कोरडी आहेत.

२०२२ च्या उन्हाळ्यात एक गंमत झाली. स्वीडनमध्ये मुलाशी खेळायला आलेल्या मित्राला घरचे लोक जेवू घालत नाहीत, तो दुसऱ्या खोलीत थांबतो, अशी चर्चा समाजमाध्यमांवर सुरू झाली आणि जगभर त्या देशाची थट्टा झाली. मी धीर करून आजींना विचारले, "हे खरे आहे का?" त्या जराशा दुखावल्या. मग म्हणाल्या, "आमच्या लहानपणी होते तसे. पण त्या पोराची आई घरी जेवण करून वाट पाहत असे. आम्ही त्याला जेवू घातले असते, तर तिचे अन्न वाया गेले असते. आणि ऋण नको कुणावर." आजींनी शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे काम केले होते. तिथे शाळेत प्रत्येक मुलाला, श्रीमंत असो वा गरीब, दुपारचे जेवण फुकट मिळते. परक्यांच्या शेकडो पोरांना त्यांनी रोज वाढले होते! मी ज्याला कोरडेपणा समजत होतो, त्यात दुसऱ्याला ओझे होऊ नये असा एक संकोच होता. मला एवढ्या दिवसांत त्यांनी जेवायला बोलावले नाही, कारण मग मलाही बोलवावे लागेल, याची त्यांना काळजी!

सप्टेंबरात आम्ही दोघे लिंगोन वेचायला रानात गेलो. ही करवंदाहून लहान, लालभडक, आंबट फळे. कुणाच्याही मालकीचे रान असो, तिथे हिंडण्याचा आणि रानफळे वेचण्याचा हक्क सर्वांना आहे. आजींनी त्यांचा साखरेत मुरंबा केला आणि एक बरणी माझ्या दारापाशी ठेवली. आग्रह नाही, शब्द नाही, नुसती बरणी.

त्याच सुमारास आईने पाठवलेले पार्सल आले. त्यात कडक भाकरी होत्या. आमच्या कारखान्यात हुबळीकडचे एक गृहस्थ होते. तिथल्या रायधान्याच्या कडक, पातळ भाकरीला, म्हणजे 'क्नेकेब्रोद'ला, ते पहिल्या दिवसापासून 'खडक रोट्टी' म्हणत. मध्य स्वीडनमध्ये पूर्वी ही भाकरी वर्षातून मोजक्याच वेळा भाजत. मधोमध भोक ठेवून ती काठीत ओवत आणि छताखाली टांगत. महिनोन्महिने ती टिके. थंडीने अडवलेल्या घराची ती बेगमी. आमच्या जोंधळ्याच्या कडक भाकरीचीही कहाणी याहून फारशी निराळी नाही.

मी एक भाकरी, लोणी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन खाली गेलो. आजींनी भाकरी हातात घेतली, मोडली, मोडताना झालेला आवाज कान देऊन ऐकला. मग सगळी नीट न्याहाळून अत्यंत गंभीरपणे विचारले, "हिला भोक कसे नाही? तुम्ही टांगता कशी?" मी म्हणालो, "टांगत नाही आजी, दुरडीत एकावर एक रचतो." चटणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तरी त्यांनी दुसरा तुकडा घेतला. त्या संध्याकाळी मी खालीच जेवलो. पुढे दर गुरुवारी रात्री माझे पान तिथेच असे. एका गुरुवारी सूप त्यांचे, पुढच्या गुरुवारी आमटी माझी. ऋण कुणावरच नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या असेच दूर जातील. चटणी अवश्य न्या. ती अडीअडचणीला उपयोगी पडते. पण पहिल्याच आठवड्यात तिथल्या माणसांबरोबर त्यांच्या वेळेला जेवायला बसा आणि मेजवानीतले पदार्थ विचारण्याऐवजी रोज काय खाता ते विचारा. मेजवानी कुठल्याही देशाची गोडच लागते. पण माणूस कसा जगला, कशाला भ्याला, काय जपून ठेवत आला, हे रोजच्या भाकरीत कळते.