पहिला नंबर, एकोणिसावा नंबर आणि आपली मुलं



दिवाळीची सुट्टी संपत आली. दुसऱ्या सत्राचं नियोजन, राहिलेल्या नोंदी, तपासायच्या वह्या... तुमच्यासारखीच मीही त्यातच बुडालेय. पण आज त्यावर लिहिणार नाही. आज लिहिणार आहे एका बास्केटबॉल संघावर. संघ आपल्याकडचा नाही, अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचा आहे. 'जेहॉक्स' म्हणतात त्याला. "बाईंना हे काय सुचलं?" असं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. विषय फिरून आपल्याच वर्गात येतो.

माझा धाकटा भाऊ शिकायला लॉरेन्स या गावी गेला आणि पहिल्याच हिवाळ्यात या संघाचा वेडा झाला. तिकडे संध्याकाळी सातला सामना सुरू झाला की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तो व्हिडिओ कॉल लावून मोबाईल टीव्हीसमोर ठेवतो. इकडे मी पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून भाकरी थापते. "ताई, बघतेयस ना?" असं तो ओरडला की हातातली भाकरी करपलीच म्हणून समजा! चार वर्षं झाली, आता मलाही त्या खेळाडूंची नावं हजेरीसारखी पाठ आहेत.

हा खेळ एका शिक्षकाचा

मला या संघाची ओढ लागली ती मात्र एका शिक्षकामुळे. डॉ. जेम्स नेस्मिथ हे अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. १८९१ च्या हिवाळ्यात त्यांच्याकडे एक कंटाळलेला, दंगेखोर वर्ग आला. बाहेर थंडी, आत खेळायला काही नाही. त्यांनी पीचच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा जणांचे दोन गट पाडले. बास्केटबॉलचा जन्म असा एका हैराण झालेल्या शिक्षकाच्या वर्गात झाला. आपल्यातल्या किती जणांनी पावसाळ्यात वऱ्हांड्यात असले खेळ शोधलेत, आठवून बघा!

हेच नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आले आणि तिथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. गंमत पुढे आहे. प्रशिक्षक म्हणून त्यांनी ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. ज्याने खेळ शोधला तोच जिंकण्यापेक्षा हरला जास्त!

पण शिक्षकाचा निकाल त्या आकड्यात मावत नाही. त्यांचा विद्यार्थी फॉग ॲलन पुढे कॅन्ससचा नामवंत प्रशिक्षक झाला, १९५२ मध्ये त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या संघातला डीन स्मिथ नावाचा खेळाडू पुढे नॉर्थ कॅरोलिनाला गेला आणि छत्तीस वर्षं तिथल्या संघाला शिकवत राहिला. आज कॅन्ससचं सभागृह ॲलन यांच्या नावाने आहे, आतलं मैदान नेस्मिथ यांच्या नावाने आहे. आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला कॅन्ससचा संघ नॉर्थ कॅरोलिनात ज्या सभागृहात खेळायला गेला, त्याला डीन स्मिथ यांचं नाव आहे. गुरू, शिष्य आणि शिष्याचा शिष्य! मी तर त्या सामन्याकडे गुरुपौर्णिमेसारखीच बघत होते.

२०२५-२६ चा संघ

आता थोडं २०२५-२६ च्या हंगामाविषयी. त्याच्या आदल्या वर्षी हंगाम सुरू होण्याआधी पत्रकारांनी कॅन्ससला देशात पहिला क्रमांक दिला होता. एकही सामना न खेळता पहिला नंबर! शेवट काय झाला? २१ विजय, १३ पराभव, आणि मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत आर्कान्सासकडून ७९-७२ अशी हार. पहिल्या फेरीत बाहेर पडण्याची वेळ या संघावर २००६ नंतर प्रथमच आली. त्या दिवशी भावाने फोनच उचलला नाही.

२०२५ मध्ये त्याच संघाला एकोणिसावा क्रमांक मिळाला. डिकिन्सन, हॅरिस, ॲडम्स हे जुने खांब शिक्षण संपवून गेले. तिकडे आता खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतात. शिवाय जुलै २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देऊ लागली आहेत. त्यामुळे दरवर्षी नवा वर्ग, नवी हजेरी. ट्रे व्हाइट आणि मेल्विन कौन्सिल या दोघांचंही ते चौथं कॉलेज होतं! चार शाळा बदललेलं मूल आपल्या वर्गात आलं की पहिला महिनाभर ते कुठे बसतं, कोणाशी बोलतं, डबा कोणाबरोबर खातं हे आपण बघत असतो. प्रशिक्षक बिल सेल्फ यांच्यापुढेही तेच काम होतं, आणि तेही जुलैमध्ये हृदयात दोन स्टेंट टाकून घेतल्यावर.

जुन्यांपैकी राहिला तो फ्लोरी बिडुंगा. मूळचा काँगोतल्या किन्शासाचा, उंचापुरा. तोही दुसरीकडे जायला निघाला होता, पण विचार बदलून थांबला. आदल्या वर्षी मोठ्यांच्या सावलीत होता, त्या हंगामात त्याला मोकळं खेळता येईल असं मला वाटलं.

आणि सगळ्यांचे डोळे ज्याच्यावर होते तो डॅरिन पीटरसन. तेव्हा अठरा वर्षांचा मुलगा. कॉलेजसाठी एकही सामना खेळलेला नव्हता, पण पुढच्या वर्षी एनबीएच्या निवडीत तो पहिला असेल असं जाणकार तेव्हाच म्हणू लागले होते. त्याच्या खेळाच्या चित्रफिती बघताना कौतुक वाटतं. पण मग माझ्या पोटात कालवाकालव होते. का, ते आता सांगते.

माझ्या वर्गातला पहिला नंबर

गेल्या वर्षी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा होता, नाव सांगत नाही. गणितात असा हुशार की उदाहरण फळ्यावर पूर्ण होण्याआधी उत्तर तयार. मला त्याचा फार अभिमान. मी जूनमध्येच सांगून टाकलं, "हा शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत येणारच." पालकसभेत सांगितलं, केंद्राच्या शिक्षण परिषदेत सांगितलं, पाहुण्यांसमोर त्याला उभं करून सांगितलं. गावात लोक त्याला 'यादीवाला' म्हणायला लागले. मला वाटायचं, मी त्याला प्रोत्साहन देतेय.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. निकाल लागला. यादीत त्याचं नाव नव्हतं.

मी रागावले नाही, त्याचे आईवडीलही रागावले नाहीत. पण तो बदलला. जूनमध्ये सहावीला हायस्कुलात गेला. एसटी स्टँडवर मी दिसले की तो पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहायचा. दोन-तीनदा हे झालं आणि माझ्या लक्षात आलं, नापास तो झाला नव्हता, माझं भाकीत नापास झालं होतं. त्याची शिक्षा मात्र तो भोगत होता.

या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी त्याच्या घरी गेले. आधी तो आतल्या खोलीतून बाहेरच येईना. मग आला, खाली मान घालून बसला. काय बोलावं मलाही सुचेना. म्हणून कॅन्ससची गोष्ट सांगितली. पहिल्या नंबरची, आर्कान्सासची, भावाने न उचललेल्या फोनची. नेस्मिथ यांच्या ५५ आणि ६० चीही सांगितली. तो ऐकत होता. शेवटी हळूच म्हणाला, "मग आता कितवा नंबर त्यांचा?"

"एकोणिसावा."

थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बरंय मग. आता नीट खेळता येईल त्यांना."

मित्रहो, डीएडला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. पण त्या विषयातला हा धडा मला अकरा वर्षांच्या मुलाने शिकवला. निघताना मी त्याला म्हटलं, "चुकलं माझं बाळा." तो काही बोलला नाही, पण स्टँडपर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या सत्रासाठी

तेव्हा या सत्रात मी एक ठरवलंय. पालकसभेत कोण पुढे काय होणार ते सांगायचं नाही. मुलाला आज काय येतं, जे जूनमध्ये येत नव्हतं, तेवढंच सांगायचं. पालकांनाही विनंती, नातेवाइकांसमोर "आमचा तर डॉक्टरच होणार" म्हणण्याआधी एकदा त्या लेकराच्या चेहऱ्याकडे बघा.

आणि कॅन्सस? ३ नोव्हेंबर २०२५ ला त्यांचा पहिला सामना होता, १८ तारखेला न्यूयॉर्कमध्ये ड्यूकशी गाठ होती. भाऊ विचारत होता, "ताई, यंदा कुठवर जातील?" मी त्याला सांगितलं, भाकीत बंद. सकाळी साडेसहाला डब्याला मोबाईल टेकवून बघत बसणार. त्या अठरा वर्षांच्या मुलाचा एखादा बॉल बास्केटमध्ये नाही गेला, तरी टाळी वाजवणार.

तुमच्या वर्गात असा एखादा 'यादीवाला' आहे का? त्याच्याशी तुम्ही कसं बोलता? जरूर कळवा.