तुमच्या लोकांची कागदपत्रं कुठे आहेत?

लंडनला शिकायला आलेला आंबेडकरी विद्यार्थी पहिल्या महिन्यात 10, किंग हेन्रीज रोडला जातोच. आम्हीही गेलो. 1921-22 मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले त्याच्या दारात फोटो काढले, घरी पाठवले, गावाकडच्या ग्रुपवर दिवसभर 'जय भीम' येत राहिले. पण या शहराने आम्हाला खरा धडा दिला तो दुसऱ्या टोकाला, दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनमध्ये.

आम्ही तिघे. एक नांदेडची, एक लातूरचा, एक नागपूरचा. विषय आफ्रिकन डायस्पोरा, म्हणजे गुलाम म्हणून विकले गेलेले, वसाहतीत राबवले गेलेले आणि पुढे पोटासाठी देशोदेशी गेलेले आफ्रिकी वंशाचे लोक, त्यांचा इतिहास आणि संस्कृती. घरून पहिला प्रश्न आला, "एवढ्या लांब जाऊन दुसऱ्यांचा इतिहास कशाला? आपला काय कमी आहे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र आपल्याच परंपरेत आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. 1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि डुबॉईस यांनी सहानुभूतीचं उत्तर पाठवलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच तिकडून घेतलं. म्हणजे आम्ही नवीन काही करत नाही.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तेव्हा दोन्ही दुःखं एकच आहेत असा आमचा दावा नाही. पण माणसाला माणूसपण नाकारल्यावर तो ते परत कसं मिळवतो, हे दोन्हीकडे शिकण्यासारखं आहे.

आधी एक कबुली देतो. खोली शोधताना आपल्याच मराठी माणसांकडे चौकशी केली. पहिला प्रश्न "पूर्ण नाव काय?", दुसरा "मूळचे कुठले?", आणि तिसऱ्या दिवशी निरोप, "खोली गेली." आठवड्याने तीच जाहिरात परत दिसली. शेवटी खोली दिली ती जमैकाहून आलेल्या आईवडिलांच्या मुलीने, साठी ओलांडलेल्या बाईंनी. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, भाडं वेळेवर येईल ना आणि स्वयंपाकघर किती वाजता लागेल. इथपर्यंत कथा आपल्या बाजूची आहे. पण आमच्यातल्या एकाच्या आईने ही बातमी ऐकून फोनवर काय म्हटलं? "काळ्या लोकांच्या वस्तीत राहू नको रे, पोरा. मारतात, लुटतात." हेच वाक्य आपल्या वस्तीबद्दल शहरातली माणसं बोलत आली. ती माउली आयुष्यभर ते ऐकत आली, आणि तिनेच ते पुढे दिलं. आम्ही तिला लगेच काही बोलू शकलो नाही, कारण ब्रिक्स्टन स्टेशनवर पहिल्यांदा उतरलो तेव्हा आम्हीही खिशावर हात ठेवला होता. ब्राह्मणी व्यवस्थेने आपल्याला फक्त खाली ठेवलं नाही, आपल्याखाली कोणीतरी शोधायची सवयही लावली. ती सवय विमानात बसून आपल्याबरोबर येते.

दुसरी शरमेची गोष्ट. वर्गात हिंदी महासागरातल्या आफ्रिकी लोकांवर चर्चा निघाली आणि प्राध्यापकांनी आमच्याकडे पाहिलं. मलिक अंबर! इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झालेला, मुघलांना दख्खनमध्ये झुंजवणारा. 1610 मध्ये त्याने वसवलेलं खडकी म्हणजेच पुढचं औरंगाबाद. तिथली नहर आपण पाहिलेली असते, पण ती बांधणारा गुलाम म्हणून आलेला आफ्रिकी माणूस होता हे आम्हाला शाळेत कोणी ठासून सांगितलं नाही. जंजिऱ्याचा सिद्दी आम्हाला फक्त शत्रू म्हणून माहीत. आफ्रिकेची लेकरं आपल्या मातीत राहिली, आणि ते कळायला आम्हाला लंडन गाठावं लागलं.

आता ब्रिक्स्टन. तिथे विंडरश चौकात ब्लॅक कल्चरल आर्काइव्हज आहे. 22 जून 1948 ला कॅरिबियनमधून शेकडो माणसं घेऊन टिलबरी बंदराला लागलेल्या बोटीचं नाव या चौकाला दिलं आहे. संग्रहाची सुरुवात 1981 ची. वर्ष लक्षात ठेवा. त्या जानेवारीत न्यू क्रॉसमधल्या एका घरात वाढदिवसाच्या पार्टीत आग लागून 13 कृष्णवर्णीय तरुण-तरुणी मेले. सत्ता गप्प राहिली. 2 मार्चला, कामाच्या दिवशी, हजारो लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले. एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटलं. अशा वर्षात लेन गॅरिसन आणि त्यांचे साथी म्हणाले, आपला इतिहास आपणच जपायचा. स्वतःची इमारत मिळाली 2014 मध्ये. मधली 33 वर्षं त्यांनी कागद सांभाळले.

त्याआधीचीही तयारी होती. 1958 मध्ये क्लॉडिया जोन्स यांनी याच ब्रिक्स्टनमधून 'वेस्ट इंडियन गॅझेट' काढलं. 1966 मध्ये जॉन ला रोझ यांनी न्यू बीकन बुक्स हे प्रकाशन सुरू केलं. त्याच प्रकाशनाने 1971 मध्ये बर्नार्ड कोर्ड यांची पुस्तिका छापली. कॅरिबियन मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत कसं टाकलं जातं, हे तिने उघड केलं. पालक नुसते संतापले नाहीत, शनिवारच्या शाळा चालवू लागले. हे वाचताना आम्हाला 'मूकनायक' आठवला, रात्रशाळा आठवल्या, बोर्डिंगं आठवली. 

आर्काइव्हजमध्ये आम्ही पत्रकं, सभेच्या नोंदी, फोटो चाळत बसलो होतो. कोणीतरी स्वयंपाकघरात टाइप केलेलं, डाग पडलेलं पत्रकसुद्धा नीट पुठ्ठ्याच्या पेटीत, नंबर घालून ठेवलेलं. तिथे आलेल्या एका वयस्क बाईंनी आमची चौकशी केली. आम्ही जात, अस्पृश्यता, बाबासाहेब, नामांतर असं बरंच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमच्या लोकांची कागदपत्रं कुठे आहेत?"

आम्ही बाबासाहेबांच्या इंग्रजी खंडांचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "ते तुमच्या नेत्याचं झालं. लोकांचं?"

आम्ही गप्प.

नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 चा, नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरं जळली, माणसं मारली गेली, मोर्चे निघाले. त्यांची पत्रकं कुठे आहेत? नांदेडच्या मैत्रिणीच्या आजोबांकडे ट्रंकभर होती. घर बांधताना ती रद्दीत गेली. जलशांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. जून 2016 मध्ये दादरचं आंबेडकर भवन आणि तिथली बुद्धभूषण प्रेस पहाटेच्या अंधारात पाडली गेली, तेव्हा आपण रस्त्यावर आलो, ते योग्यच केलं. पण आपल्या घरातली ट्रंक रद्दीवाल्याने नेली तेव्हा कोणी मोर्चा काढला नाही.

कोणी म्हणेल, पोटाचे प्रश्न सोडून कागद कुठे जपत बसता? उत्तर याच देशात मिळालं. 2010 च्या समता कायद्यात जातीचा उल्लेख आला. 2013 मध्ये संसदेने जातीवरून होणारा भेदभाव कायद्यात आणणं सरकारवर बंधनकारक केलं. काही हिंदू संघटनांनी विरोध केला. 2018 मध्ये सरकारने माघार घेतली. या सगळ्या वादात एकच प्रश्न परत परत आला, "ब्रिटनमध्ये जातिभेद होतो याचा पुरावा काय?" आमच्या त्या गेलेल्या खोलीचा पुरावा काय? आम्ही तर तो निरोपसुद्धा जपून ठेवला नव्हता. ज्याच्याकडे नोंद नाही त्याचा अन्याय 'आरोप' म्हणून उडवून लावता येतो.

म्हणून आम्ही तिघांनी ठरवलंय. या सुट्टीत गावी गेलो की आधी आपापल्या घरातली ट्रंक उघडायची. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, वर्ष लिहायचं, आजी-आजोबा आहेत तोवर. पत्रकांचे स्कॅन काढून एक प्रत विहारात ठेवायची. तुम्हीही करा. यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर मिळणारी पुस्तिका वाचून झाल्यावर तिच्यावर तारीख टाका आणि जपून ठेवा.

आणि त्या आईला आम्ही घरमालकीणबाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलायला लावलं. भाषा कळेना, तरी दोघी हसत राहिल्या. शेवटी आईने विचारलं, "त्या जेवल्या का, विचार." तो प्रश्न आम्ही इंग्रजीत करून सांगितला.

जय भीम.