फुली

परवा नातवाने मोबाईलवर फळांच्या चित्रांचे एक कोडे पाठवले. तीन धन पूर्णांक शोधायचे. प्रत्येकाला उरलेल्या दोघांच्या बेरजेने भागायचे आणि तिन्ही भागाकारांची बेरीज ४ आली पाहिजे. जन्मभर शाळेत गणित शिकवलेले, म्हटले चहा निवायच्या आत होईल!

दोन संध्याकाळी आणि अर्धी वही गेली. हाती लागले ते ४, −१ आणि ११. बेरीज ४ येते, पण −१ धन कुठे आहे? चिडून फुली मारली.

रविवारी नातू आला. वही पाहून म्हणाला, "आबा, हेच तर हवंय!" या कोड्यामागे एक एलिप्टिक कर्व्ह आहे: य² = क्ष³ + १०९क्ष² + २२४क्ष. माझे चुकीचे उत्तर म्हणजे त्यावरचा (−१००, २६०) हा बिंदू. पडताळून पाहिले, दोन्ही बाजू ६७,६००! तिथे स्पर्शिका काढायची. ती वक्राला पुन्हा जिथे छेदते, त्या बिंदूचे क्ष-अक्षात प्रतिबिंब घ्यायचे. मग हा नवा बिंदू पहिल्याला जोडायचा आणि पुन्हा तेच. असे करत नवव्या बिंदूला तिन्ही संख्या धन मिळतात. केवढ्या? ८१, ८० आणि ७९ अंकी! याहून लहान उत्तर नाहीच. ब्रेमनर आणि मॅक्लाउड यांनी २०१४ मध्ये हे प्रसिद्ध केले.

रात्री झोप लागेना. वर्गात एका मुलाने अशीच उणे संख्या आणली होती. "प्रश्न नीट वाच" म्हणत मी लाल फुली मारली. फुली बरोबरच होती हो. पण "आता इथून पुढे कुठे जाता येईल?" एवढे विचारायला काय हरकत होती?